दुसरा पाय

गाडी घेताना ती किती माल ओढते, हे सारेच विचारतात. ती किती अंतरात थांबते, असे विचारणारे गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. पूर्णेचे आमचे मेहुणे याला अपवाद नव्हेत. त्यांची जुनी, दणकट डिझेल पिकअप हळदीची पोती वसमतच्या बाजाराला नेते आणि सणासुदीला वहिनी व धाकट्याला पुढे बसवून नांदेडही गाठते. यंदा दिवाळीला तिला नवा रंग द्यावा आणि माल जास्त मावावा म्हणून हौद्याच्या फळ्या वीतभर उंच कराव्यात, असा त्यांचा बेत होता. ब्रेकचे विचारले तर म्हणाले, "दाजी, दोनदा पाय मारला की थांबते की!"

हा दुसरा पायच मला खटकला. पहिला पाय वाया जातो, याचा अर्थ लायनिंग झिजले आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. त्यात वजन दुप्पट झाले तर ब्रेकचे काम दुप्पट होते. आणि वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर गेला तर ते सव्वादोनपट होते! ही सारी शक्ती उष्णता होऊन ड्रममध्ये उतरते. शिवाय ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' जातीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की वाफ होते, पाय खाली टेकतो आणि गाडी आपली चालतच राहते.

पूर्णा हे तर जंक्शनचे गाव. आगगाडीचा ब्रेकचा नळ तुटला तर गाडी आपोआप थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने ही युक्ती १८७२ साली काढली. त्याच्याच आधीच्या रचनेत नळ तुटला की ब्रेकच नाहीसा होई. मेहुण्यांची पिकअप अजून त्या आधीच्या काळात आहे. तिचा मास्टर सिलिंडर एकेरी. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी!

गावातल्या जाणत्या मिस्त्रींनी क्रम सांगितला. "मालक, आधी आहे ते नीट करू. लायनिंग, व्हील सिलिंडर, रबरी नळ्या, तेल. मग दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी हाताशी राहील." डिस्कचे विचारता ते म्हणाले, की ड्रममध्ये फिरते चाकच पट्टा ओढून घेऊन जोर वाढवते, डिस्कला ती मदत नाही, म्हणून बूस्टर हवा, आणि डिझेल इंजिनावर बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंपही हवा. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकांचा मेळ बसला नाही, तर रिकामी गाडी मागून घसरते. म्हणून त्याच जातीच्या नंतरच्या गाडीचा कंपनीचा पूर्ण संच घ्यावा आणि आधी आरटीओत विचारावे. कारण १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालते.

मेहुण्यांनी हिशेब मांडला. रंग पुढच्या वर्षावर गेला. "आणि फळ्या?" मी विचारले. धाकट्याकडे पाहून ते म्हणाले, "राहू द्या तेवढ्याच."

वाचकहो, तुमच्या दारच्या मोटारीला बूस्टर असेल, तर इंजिन बंद ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर चालू आहे. नाही गेला, तर फराळाआधी मिस्त्री गाठा.