पेटीतली फिल्म बाहेर काढा

२०२०-२१ च्या करोना साथीत आपल्या वाशीम, रिसोड, मंगरुळपीरकडच्या घराघरांत 'एचआरसीटी' हा नवा शब्द आला. 'स्कोअर किती आला?' असे जो तो विचारी. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने या तपासणीचे दर बांधून दिले. यंत्राप्रमाणे दोन ते तीन हजार रुपये. रोजमजुरीच्या घराला तेही जडच गेले. माणूस बरा झाला आणि फिल्म पेटीत गेली. तो लिफाफा आज बाहेर काढा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

साध्या एक्स-रेमध्ये छातीतल्या साऱ्या सावल्या एकावर एक पडतात. बरगडीच्या किंवा हृदयाच्या आड लहान गाठ लपून राहते. सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी रुग्णाभोवती फिरते आणि संगणक आतल्या भागाची कापाकापाने चित्रे तयार करतो. कांद्याचे पातळ काप करून पाहावेत तसेच हे. एचआरसीटीत हे काप एक-दीड मिलिमीटरचे असतात. म्हणून फुफ्फुसातली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठही दिसते. इंग्लंडच्या हाऊन्सफील्ड यांच्या या यंत्रावर १९७१ साली पहिली रुग्ण तपासली गेली, तीही मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरून. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

करोनाच्या त्या रिपोर्टात स्कोअरचा आकडा साऱ्यांनी वाचला. खाली 'नोड्यूल', म्हणजे लहान गाठ, असे लिहिले असेल तर ती ओळ बहुतेक घरांत कुणी वाचलीच नाही. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला ती आज वाचायला सांगा.

गाठ म्हणजे कर्करोगच, असे मात्र समजू नये. जुन्या क्षयरोगाचा व्रणही गाठीसारखाच दिसतो. संशय दाट असेल तर तुकडा काढून तपासल्यावरच खरे काय ते कळते. जुन्या फिल्मची किंमत इथेच आहे. घट्ट गाठ दोन वर्षांत वाढली नसेल तर ती बहुधा निरुपद्रवी असते. वाढली असेल तर पुढचा तपास लगेच व्हायला हवा. जुनी फिल्म समोर असली की डॉक्टरांना ताडून पाहता येते.

मनानेच नवा स्कॅन मात्र काढू नका. त्यात साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी अधिक किरणे अंगावर पडतात. दिवस गेलेल्या बाईने तसे आधी सांगावे.

विडी ओढणाऱ्याचा खोकला दोन-तीन आठवडे हटत नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर सरकारी दवाखाना गाठा. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही आहे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि पेटीतली ती फिल्म सोबत न्या.