ला पाझचं मैदान ला पाझचंच

बोलिव्हियातल्या ला पाझ शहराच्या एर्नान्दो सिलेस स्टेडियमवर परदेशी संघ यायचा म्हटलं की चेंडूच्या आधी चर्चा सुरू होते ती ऑक्सिजनच्या नळकांड्यांची. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्राझीलचा सामना इथे ०-० सुटला, तेव्हा नेयमारने तोंडावर मास्क लावलेला फोटो टाकला आणि अशा जागी खेळणं अमानुष असल्याचं म्हटलं. मैदान सुमारे ३६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. लेहला विमानाने उतरून पहिला दिवस खोलीत पडून काढलेल्यांना या त्रासाची कल्पना असेल. विरळ हवेत चेंडू जास्त वेगाने जातो आणि कमी वळतो, त्यामुळे लांबून मारलेल्या फटक्याचा अंदाज बाहेरच्या गोलरक्षकाला येत नाही. हे सगळं खरं आहे. पण म्हणून इथे सामनेच नकोत, हे मला कधीच पटलेलं नाही.

मे २००७ मध्ये फिफाने नेमकं तेच ठरवलं होतं. २५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने नाहीत. कारण दिलं खेळाडूंच्या आरोग्याचं. बॅरनकियाच्या दमट उकाड्यात कोलंबिया भर दुपारी पाहुण्यांना खेळवतो, त्यावर कुणी बंदी घातली नाही. लाखो माणसं जिथे जन्मतात, कामाला जातात, जिथली पोरं शाळा सुटल्यावर चेंडूमागे धावतात, ती जागा खेळायला अयोग्य ठरवणारे हे कोण? बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस या बंदीविरुद्ध हिरिरीने उभे राहिले. मार्च २००८ मध्ये मॅराडोना याच मैदानावर त्यांच्या बाजूने खेळून गेला. मे महिन्यात फिफाने बंदी स्थगित केली.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २००९ रोजी, तोच मॅराडोना अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून इथे आला. संघात मेस्सी होता. बोलिव्हियाने ६-१ असा धुव्वा उडवला. होआकिन बोतेरोचे तीन गोल. मॅराडोनाने उंचीची सबब सांगितली नाही. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

आणि नुसत्या उंचीने सामने जिंकता येत असते, तर बोलिव्हिया दर विश्वचषकात दिसला असता. १९९७ च्या कोपा अमेरिकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला आणि ब्राझीलने तो ३-१ जिंकला. २५ जुलै १९९३ ला ब्राझील इथे २-० हरला, विश्वचषक पात्रता फेरीतला त्यांचा तो पहिलाच पराभव. पण त्या बोलिव्हियाकडे मार्को एचेवेरी होता आणि हाबिएर अस्कारगोर्ता नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक होता. तो संघ चांगला होता म्हणून १९९४ च्या विश्वचषकाला गेला.

हे स्टेडियम १९३० मध्ये मिराफ्लोरेस भागात उभं राहिलं. एमिलिओ विलानुएवा या वास्तुरचनाकाराने त्याचं दर्शनी रूप तिवानाकू या प्राचीन संस्कृतीच्या शिल्पांवरून घडवलं होतं. सत्तरच्या दशकात नव्या बांधणीसाठी ते पाडलं गेलं. आजची इमारत काँक्रीटची, साधी आहे. माझ्या मते ते पाडणं ही मोठी चूक होती. समोरच्या चौकात मात्र तिवानाकू अजून भेटतं. तिथे जमिनीत अर्धं उतरलेल्या देवळाची प्रतिकृती आहे. तिवानाकूहून आणलेली सात मीटरहून उंच मूळ दगडी मूर्ती अनेक दशकं याच चौकात उभी होती, गाड्यांच्या धुरात झिजत होती. २००२ मध्ये ती तिवानाकूला परत नेली. सामन्याच्या दिवशी त्या प्रतिकृतीभोवती पिवळ्या-काळ्या आणि आकाशी जर्सींची गर्दी होते.

पिवळा-काळा म्हणजे १९०८ चा 'द स्ट्राँगेस्ट' क्लब, आकाशी म्हणजे १९२५ चा 'बोलिव्हार'. पॅराग्वेविरुद्धच्या चाको युद्धात 'द स्ट्राँगेस्ट'चे खेळाडू आणि सभासद आघाडीवर लढले आणि १९३४ ची त्यातली एक लढाई 'कन्यादा स्ट्राँगेस्ट' याच नावाने इतिहासात गेली. ज्या क्लबचं नाव रणभूमीला मिळालं, त्याच्या घरच्या मैदानाला अन्यायकारक म्हणताना जीभ जरा आवरावी.

राष्ट्रीय संघ २०२४ पासून घरचे सामने बहुतांशी शेजारच्या एल आल्तोत, ४१५० मीटरवर खेळू लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथेच ब्राझीलला १-० हरवलं. एल आल्तोही माणसांनी गजबजलेलं शहर आहे, तिथल्या लोकांचाही संघावर तितकाच हक्क. पण अजून वर गेलो तर अजून फायदा, हे त्यामागचं गणित मला खटकतं. आम्ही इथे राहतो म्हणून इथे खेळतो, हा बोलिव्हियाचा खरा मुद्दा त्याने पातळ होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संघाने सँटियागोत जाऊन चिलीला २-१ हरवलं, पात्रता फेरीत १९९३ नंतर पहिल्यांदाच परक्या मैदानावर विजय. तिथे उंची मदतीला नव्हती. राष्ट्रीय संघाने मिराफ्लोरेसला परतावं.

ला पाझला जाणार असाल तर 'द स्ट्राँगेस्ट' आणि 'बोलिव्हार' यांच्या सामन्याचा रविवार गाठा. विमानतळ ४००० मीटरच्या वर आहे, तेव्हा पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. कोकाच्या पानांचा चहा घ्या, हळू चाला, पाणी भरपूर प्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.