‘चायनामन’मध्ये काय वाईट आहे?

‘इंग्लिशमन चालतो, फ्रेंचमन चालतो, मग चायनामननंच काय घोडं मारलं?’ क्रिकेटचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये हा प्रश्न येतोच. डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठीचा हा शब्द विस्डेननं २०१८ साली सोडला, त्याचा राग आमच्या एका सरांना अजून आहे. ‘व्युत्पत्ती बघा,’ म्हणतात.

बघू या. फ्रेंचमन म्हणतात, फ्रान्समन नाही. देशाच्या नावाला नुसता ‘मन’ चिकटवलेला शब्द चिन्यांच्याच वाट्याला का आला? आणि तो कुठे वाढला? कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर, चिनी मजुरांना हाकलणाऱ्यांच्या तोंडी. तिथे दुसरा शब्द होता ‘सेलेस्टियल’, म्हणजे स्वर्गीय. चिनी दरबार स्वतःला स्वर्गीय राज्य म्हणवी, त्यावरून. केवढा मान! पण वर्तमानपत्रं तो छापत ती टवाळीसाठी, आणि १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना कायद्यानं दार बंद केलं.

त्याहून जुना शब्द कॅथे. उर्दू शायरीतलं खता-खुतन ज्यांच्या कानावर आहे त्यांना तो लगेच कळेल. खितान लोकांवरून आलेलं हे नाव. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चीनच्या उत्तरेवर त्यांचं राज्य होतं, पण ते हान चिनी नव्हतेच. रशियन लोक आजही चीनला किताय म्हणतात. युरोपला कॅथे आणि चीन हे दोन देश वाटत. खात्री करायला बेंतो द गोइश हा जेझुइट अकबराच्या काळात आग्र्याहून खुश्कीच्या वाटेनं निघाला, चीनच्या हद्दीत पोचला आणि १६०७ मध्ये तिथेच वारला. (मँडरिन तर आपला ‘मंत्री’च, मलाय-पोर्तुगीज फिरून गेलेला.)

या नावात शिवी कुठे आहे? कुठेच नाही. तरी शेक्सपिअरच्या दोन नाटकांत कुणाला ‘कटायन’ म्हटलंय ते हिणवायलाच. चिनी माणूस डोळ्यांनी न बघितलेल्या लोकांनी त्याची शिवी करून ठेवली होती.

सरांना मी ‘यवन’ची व्युत्पत्ती सांगितली. मूळ आयोनियातले ग्रीक. किती निर्दोष! मग वर्गात बखरीतला उतारा वाचताना तो शब्द आला की मुलं पुस्तक सोडून माझ्याकडे का बघतात, असं विचारलं.

सर म्हणाले, ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’ तेवढ्यात चहा आला.