कोणतं पुस्तक सांगू, काका?

माझी पुतणी यंदा इथे बडोद्यातच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली. रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, “काका, सेकंड इयरला ॲनालिटिकल केमिस्ट्रीसाठी कोणतं पुस्तक सांगू?”

आमच्या वेळी उत्तर एकच होतं, व्होगेल. १९३९ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक प्रयोगशाळेत आजही हवंच. किती घ्यायचं, कधी गाळायचं, किती तापवायचं, सगळं त्यात आहे. मुलं मात्र कृती तेवढी उतरवून घेतात.

मी विचारलं, “तुझी मुलं टायट्रेशनची तीन रीडिंग्ज कशी लिहितात गं?”

ती हसली. “१०.२, १०.२, १०.२.”

पहिलं खरं, पुढची दोन त्याच्याकडे बघून. आम्हीही तेच केलं, खोटं कशाला बोलू! पण यातलंच कुणीतरी उद्या नंदेसरीच्या एखाद्या कारखान्यात सांडपाण्याच्या नाहीतर औषधाच्या रिपोर्टवर सही करणार आहे.

म्हणून पुस्तक हातात आलं की मी दोन गोष्टी बघतो. नमुना कसा घ्यायचा ते नीट सांगितलंय का? आणि मोजमापातल्या चुकांचं प्रकरण कुठे आहे? डॅनियल हॅरिसच्या पुस्तकात ते अगदी सुरुवातीलाच येतं. त्याहून आधी चॉकलेटमधलं कॅफिन मोजणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट आहे. चॉकलेट गोठवायचं, खलात कुटायचं, आधी चरबी काढून टाकायची, मग कुठे यंत्राकडे जायचं. खरी मेहनत यंत्राच्या अलीकडेच असते, हे मुलांना तिथे कळतं.

“पण महाग आहे. आणि परीक्षेत हे कोण विचारतं?”

दोन्ही खरं. हॅरिसच्या दोन प्रती लायब्ररीत घे, म्हटलं. डेव्हिड हार्वेचं पुस्तक इंटरनेटवर फुकट आणि रीतसर मिळतं, ते सगळ्यांना दे. सोप्या भाषेत उजळणीसाठी आयआयटी मुंबईच्या खोपकरांचं आहेच. परीक्षेच्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही तीस वर्षं पेपरात येईल तेवढंच शिकवलं.

काल तिचा फोन आला. तीन रीडिंग्ज वेगवेगळी आली तरी मार्क कापणार नाही, फक्त फरक का पडला ते एका ओळीत लिहा, असं तिने वर्गात सांगितलंय. जर्नल्स शुक्रवारी यायची आहेत.