भांडायला शेजारी हवा

उन्हाळा चढला की दुकानात एक तक्रार ठरलेली: "काका, जोडी म्हणून दिली होती तुम्ही, एकानं दुसऱ्याची शेपटी फाडून ठेवली." जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावात ती तोंडावरच ऐकावी लागते, कारण गिऱ्हाईक ओळखीचं असतं. कापूस-हळदीच्या व्यवहाराला आलेला माणूस पोरांच्या हट्टापायी ऑस्करची दोन पिल्लं नेतो आणि पुढच्या खेपेला एकच उरल्याचं सांगतो. दोष त्याच्या निगराणीला देऊन आपण मोकळे होतो. आमच्या मते तो बहुतेक वेळा विक्रीतच असतो.

दीड-दोन इंचांच्या ऑस्करमध्ये नर कोणता, मादी कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. एंजलचंही तेच. म्हणजे आपण देतो ती नुसती दोन पिल्लं. सिक्लिड कुळातले हे मासे आपली जोडी स्वतः जमवतात. म्हणूनच पैदास करणारे पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवतात, दोघांनी मिळून कोपरा धरला की उरलेली बाजूला काढतात. गर्दीत मार वाटला जातो. दोघंच असली की सगळा एकाच्या वाट्याला येतो.

हे नवं नाही. कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरच्या 1963 च्या पुस्तकात सिक्लिडच्या टाकीची गोष्ट सांगितली आहे. मधोमध काच, दोन्ही बाजूंना एकेक जोडी. नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर धावून जातात आणि घरात शांतता राहते. काचेवर शेवाळ चढून पलीकडचं दिसेनासं झालं की नर आपल्याच मादीवर घसरतो. काच पुसली की पुन्हा शेजाऱ्याशी जुंपते. 1969 मध्ये ॲन रासा यांनी हीच गोष्ट ऑरेंज क्रोमाइडवर तपासली. हा तर आपल्याच देशातला, दक्षिणेकडच्या खाड्यांतला सिक्लिड. शेजाऱ्यांपासून तोडलेल्या जोड्यांत नर मादीवर अधिक तुटून पडले. राग आत साठत जातो आणि कुठेतरी फुटतो, ही लोरेन्झ यांची मीमांसा पुढच्या अभ्यासकांनी मानली नाही, आणि आम्हालाही ती फार सोपी वाटते. भांडायला शेजारी दाखवण्याचा उपाय मात्र टिकला आहे. फ्लॉवरहॉर्नला आरसा दाखवणाऱ्या दुकानदाराला तो वेगळा समजवायला नको.

तेव्हा जाळी पाण्यात घालण्याआधी टाकीची लांबी विचारा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी 56 लिटर पाणी मावतं, आणि ऑस्कर फूटभर वाढतो. तिथे दोन काय, एकही देऊ नये. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी मॉली-गप्पींना छान मानवतं, त्या द्या. विक्री कमी होईल, हे खरं.

भांडण आधीच सुरू असेल तर पाहा ते कसलं आहे. कल्ले फुगवणं, आडवं होऊन अंग दाखवणं, तोंडात तोंड अडकवणं ही ताकदीची मोजणी. दोघं बरोबरीचे असतील तर मध्ये पडू नका. पण एक जण वरच्या कोपऱ्यात पर मिटून उभा, खायलाही खाली येत नाही, असं दिसलं की त्याच दिवशी हात घाला. नदीत हरलेला मासा पळून जातो. टाकीत त्याला पळायला जागा नसते. बाहेर काढायचा तो मारकुटा, मार खाणारा नव्हे. तो नसताना दगड, कुंड्या, पाइपचे तुकडे यांची जागा बदला, एका टोकाहून दुसरं टोक दिसणार नाही अशी मांडणी करा आणि चार-पाच दिवसांनी दिवे मालवून त्याला परत सोडा. तरीही जमलं नाही तर मध्ये भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पाटी.

पाणी बदलण्याबद्दल आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. टंचाईत महिनाभर हात लावायचा नाही आणि टँकर आला की टाकी रिकामी करून भरायची. ब्राझीलच्या संशोधकांनी 2018 मध्ये एंजलवर प्रयोग केला, तेव्हा चतुर्थांश पाणी बदलण्यापेक्षा निम्मं बदलल्यावर मारामाऱ्या जास्त वाढल्या. मोझांबिक तिलापियाचा नर, म्हणजे आपली चिलापी, मूत्रातल्या रसायनांतून आपला वरचढपणा कळवतो हेही ठाऊक आहे. पाण्यातल्या या खुणा धुऊन निघाल्या की कोण मोठा हे नव्याने ठरवावं लागत असणार. म्हणून थोडं थोडं, पण नेमानं बदला.

राहिली उष्णता. 25 अंशांना लिटरभर पाण्यात 8 मिलिग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन विरघळतो, 34 अंशांना जेमतेम 7. पाठलागानं दमलेल्या पिल्लाला तो पुरत नाही, आणि नेमकी दुपारीच वीज जाते. भारनियमनाच्या दिवसांत सकाळचा चारा निम्मा ठेवायला सांगा. बॅटरीवरचा पंप टाकीबरोबरच गळ्यात मारा. नंतर तो घ्यायला कुणी परत येत नाही.