भाभांचं घर आणि टेकडीवरचं पाणी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर! मतं मात्र माझी आहेत.

माझे आजोबा १९६५ साली ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. डॉ. होमी भाभा त्यांना एकदाच दिसले, तेही गाडीतून उतरताना. २४ जानेवारी १९६६ ला विमान अपघातात भाभा गेले, पण आमच्या घरी ते ‘भाभासाहेब’ म्हणून अजून आहेत. मागच्या महिन्यात मी मैत्रिणीबरोबर मलबार हिलला जाणार म्हटल्यावर आजोबा म्हणाले, "त्यांचं घर बघून ये."

"अहो आजोबा, ते २०१६ मध्येच पाडलं."

"ठाऊक आहे गं मला. जागा बघून ये."

डोंबिवली ते चर्नी रोड लोकल, चौपाटी, आणि मग तीन बत्तीचा चढ. पायी आलेल्या आम्ही दोघीच असाव्यात. लिटल गिब्ज रोड सापडेना, म्हणून एका इमारतीच्या फाटकावर मराठीत विचारलं. वॉचमनकाका खुर्चीतून न उठता म्हणाले, "आगे चलो, आगे." माझ्या तोंडून आपोआप कॉन्व्हेंटचं इंग्रजी बाहेर पडलं. ते चटकन उभे राहिले, ‘मॅडम’ म्हणाले, हात करून रस्ता दाखवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते अस्सल मालवणीत बोलायला लागले! मला हसू आलं, पण नंतर लाजही वाटली. माझ्या शाळेच्या फीचा खरा उपयोग हाच का?

भाभांच्या घराचं नाव ‘मेहरांगीर’. आईचं मेहेरबाई आणि वडिलांचं जहांगीर, मिळून झालेलं. होमींचे भाऊ जमशेद भाभा २००७ साली वारले आणि हे घर त्यांनी उभारलेल्या एनसीपीएकडे आलं. संस्थेने २०१४ मध्ये ते लिलावात ३७२ कोटींना विकलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या काही कर्मचाऱ्यांनी घराचं स्मारक व्हावं म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली होती, पण उपयोग झाला नाही. आता विकणाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण नाटक-संगीताची संस्था चालवायला पैसा लागतो, आणि घर कायद्याने त्यांचंच होतं. माझा राग त्यांच्यावर नाहीच.

माझा राग आपल्यावर आहे. त्याचं कारण मला हँगिंग गार्डनमध्ये कळलं. लहानपणी शाळेच्या सहलीला इथे सगळेच येतात, समोरच्या म्हातारीच्या बुटात चढतात आणि वडापाव खाऊन जातात. पण बागेच्या हिरवळीखाली इंग्रजांच्या काळातला पाण्याचा प्रचंड जलाशय आहे, हे किती जणांना माहीत असतं? सिव्हिलवाले, हात वर करा! या टेकडीवरच्या फ्लॅटना उंचीचा भाव मिळतो तो समुद्र दिसतो म्हणून. जलाशय बांधणाऱ्याला मात्र उंची हवी होती ती प्रेशरसाठी. इथे साठलेलं पाणी उताराने गिरगाव, ग्रँट रोड, चंदनवाडीच्या चाळींपर्यंत जातं. मला तर मलबार हिलवरची सगळ्यात श्रीमंत गोष्ट हीच वाटली, आणि ती सगळ्यांची आहे.

हा जलाशय पाडून नवा बांधायची महापालिकेची योजना होती. त्यात ३८९ झाडांवर गदा येणार होती. २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक असलेली तज्ज्ञ समिती नेमली गेली, जलाशयाचे कप्पे रिकामे करून आतून तपासणी झाली आणि पाडण्याची योजना मागे पडली. श्रीमंतांचं ऐकलं जातं, असं म्हणून मोकळं होता येईल. ते खरंही आहे. पण त्यांनी निदान तोंड तरी उघडलं! भाभांच्या घरासाठी कोर्टात गेले ते केंद्रातले कर्मचारी, आजोबांसारखी माणसं. इंजिनिअरिंग कॉलेजं कुठे होती? भाभा वडिलांच्या आग्रहाने केंब्रिजला मेकॅनिकल शिकायला गेले, पहिल्या वर्गात पास झाले आणि मगच फिजिक्सकडे वळले. म्हणजे मित्रांनो, ते आपल्याच जातीचे. (बॅकलॉग सोडून.) टेक-फेस्टच्या बॅनरवर आपण त्यांचा फोटो लावतो. घर ठेवता येत नसेल तर त्याची मापं घ्यायला, ड्रॉइंग काढायला, फोटो घ्यायला आम्हाला आत सोडा, एवढं मागायला काय हरकत होती? २०१४ मध्ये मी तिसरीत होते, ही सबब मला आहे. पण उद्या दुसरं एखादं घर, जुनी गिरणी, एखादं पंपिंग स्टेशन पाडायला निघतील, तेव्हा ती चालणार नाही. आपल्या सर्व्हेइंग लॅबमधली थिओडोलाइट्स वर्षातले दहा महिने कपाटात असतात. ती बाहेर काढायला सबमिशनच कशाला हवं?

लिटल गिब्ज रोडवर मी पाच मिनिटं उभी राहिले. फोटो काढला नाही, कारण कशाचा काढणार?

रात्री घरी पोचले तेव्हा आजोबा जागेच होते. भाभासाहेब झाड तोडू द्यायचे नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला लावायचे, ही त्यांची आवडती गोष्ट. मला पाणी देत त्यांनी एवढंच विचारलं, "झाडं आहेत का गं तिथे?"

"आहेत," मी म्हटलं. "पुष्कळ आहेत."