वाटेपासून दहा पावले

वाचकहो, आपल्या वस्त्यांतून आता मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकायला जातात. त्यांतली जी मँचेस्टरच्या बाजूला असतील, त्यांच्या आईबापांनी या मजकुराचे कात्रण त्यांना जरूर पाठवावे.

मँचेस्टर हे नाव गिरणी कामगारांच्या घरांना नवे नाही. त्या शहराच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी हेफील्ड नावाचे लहान गाव आहे. भाचीकडे मुक्कामाला होतो तेव्हा ऑगस्टअखेरीस आम्ही एकटेच तिकडे गेलो. तिला सुट्टी नव्हती. "मामा, वर धुके उतरले की दिशा कळत नाही. नकाशा हातात ठेवा आणि उजेडात खाली या," असे बजावून तिने डबा बांधून दिला.

गावाबाहेर बोडन ब्रिज येथे दगडाची जुनी खाण आहे. तिच्या भिंतीवर एक पाटी आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, येथे सुमारे चारशे माणसे जमली. बहुतेक तरुण, कामगार घरांतले, कित्येक बेकार. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा बेकार मेकॅनिक खडकावर उभा राहून बोलला. समोरचे किंडर स्काउटचे पठार जमीनदारांनी ग्राउज पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. हा तित्तिराच्या जातीचा पक्षी. वर्षातले मोजके दिवस बंदुका चालत, बाकीचे दिवस सोटेवाले राखणदार. आठवडाभर कारखान्याच्या धुरात राबणाऱ्याला रविवारी मोकळी हवा हवी असे, ती डोळ्यांसमोर असून मिळत नसे.

खाणीपासून चढ लागतो. धरणाच्या कडेने गेलो की विल्यम क्लफ येते. क्लफ म्हणजे ओढ्याची अरुंद घळ. वाट ओढ्याला कधी या अंगाने, कधी त्या अंगाने सोबत करते, त्यामुळे दगडांवर पाय देत पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावे लागते. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग. वरच्या काळ्या मातीतून झिरपून येते म्हणून. उतारांवर नेच्यांचे रान आणि मेंढ्या. माणूस क्वचितच भेटला.

ही वाट मात्र १८९७ पासून सार्वजनिक आहे. पायवाटांसाठी भांडणाऱ्या एका संस्थेने ती मिळवली होती. म्हणजे १९३२ साली त्या चारशे जणांना या वाटेने चालण्यास मनाई नव्हती. शिट्टी झाली, ते वाट सोडून उजव्या हाताच्या उतारावर चढले, आणि राखणदारांशी झटापट झाली. नुसते दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा तेथे फौजदारी गुन्हा नव्हता. मग काय करायचे? बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमे लावली! कारकुनी करणाऱ्या आम्हाला कलमांची ही करामत चांगलीच परिचयाची वाटली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. रॉथमनला चार महिने.

आम्हीही त्या उताराखाली वाट सोडून दहा पावले गेलो. गवत तेच. कोणी हटकले नाही.

घळ संपली की खिंड येते. डावीकडे मिल हिलवरून जाणाऱ्या वाटेवर दलदलीत दगडी फरश्या टाकल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ जुन्या पाडलेल्या गिरण्यांमधल्या आहेत. उजवीकडे खडी चढण, आणि तिच्या माथ्यावर पठार. झाड एकही नाही. जांभळ्या फुलांचे हीदरचे झुडूप, बाकी काळी दलदल. ही माती म्हणजे हजारो वर्षे पाण्यात पुरते न कुजता साठलेले शेवाळ. मँचेस्टरच्या कारखान्यांच्या धुराने पाऊस आम्लयुक्त झाला, शेवाळ मेले, माती उघडी पडून वाहून गेली. ज्या भट्ट्यांनी कामगारांची छाती पोखरली, त्यांनीच हे पठारही पोखरले. येथे शेवाळाची पुन्हा लागवड चालू आहे. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, त्यामुळे खालच्या गावांत पूर एकदम येत नाही.

कड्यावरून किंडर डाउनफॉल हा धबधबा पडतो, सुमारे तीस मीटर. वारा उलटा असला की त्याचे पाणी खाली न पडता वर उडते म्हणतात. त्या दिवशी वारा नव्हता. तेथेच डबा सोडला. उतरताना एडेल क्रॉसची वाट धरली. ती रुंद आहे, गुडघ्यांना सोपी.

आता कायद्याचे. १९५१ साली हा डोंगराळ मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, पण खुल्या जमिनीवर पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क २००० सालच्या कायद्याने मिळाला. एप्रिल २००२ मध्ये बोडन ब्रिजला त्या घटनेचा सत्तरावा स्मरणदिन झाला. जमीनदार घराण्याचे तेव्हाचे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी तेथे येऊन जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हता. तो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

जाणाऱ्यांनी जाड तळाचे बूट आणि पावसाचा कोट न्यावा. वर दुकान नाही. आणि एक लक्षात ठेवावे. त्या कायद्याने खुली झाली ती इंग्लंडची सुमारे आठ टक्के जमीन. उरलेल्या भागात अजून बहुतेक ठिकाणी वाटेवरूनच चालावे लागते.